चौकशीसाठी पाटलांकडे

एकसष्ट अर्ज, त्यातले चोपन्न पंधरा दिवसांच्या आत निकाली. १९९६च्या डिसेंबरात हे आकडे मी माझ्या मार्गदर्शक सरांपुढे ठेवले, तेव्हा माझी छाती चांगलीच फुगली होती. मी बारामतीच्या एका कॉलेजात शिकवत होते आणि नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध बायका जे अर्ज करतात त्यांचं सरकारदरबारी पुढे काय होतं, यावर पीएच.डी. करत होते. इंदापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात तीन महिने बसून मी ते अर्ज उतरवून घेतले होते. ठाण्याचं नाव लिहायचं नाही, या अटीवरच कागद दाखवले होते. बहुतेक सगळ्यांवर शेवटी एकच शेरा: ‘आपसांत समेट. दप्तरी दाखल.’ सरकारी काम आणि तेही पंधरा दिवसांत! मी तर प्रबंधात कौतुकाचं एक प्रकरणच लिहायला घेतलं होतं.

“यातल्या एखादीशी बोललात का?” सरांनी विचारलं.

नव्हते बोलले.

म्हणून निमगाव केतकीला एसटीतून उतरून पुढे तासभर चालत एका गावात गेले. गावात शिरायचं ते आधी पोलीस पाटलांना भेटून, ही आम्हा संशोधकांची पद्धत. परक्या माणसानं परस्पर कुणाच्या घरात घुसू नये, म्हणून. पाटलांचं नाव सर्जेराव. अगत्यानं चहा सांगितला. मला जयवंता नावाच्या बाईला भेटायचंय म्हटल्यावर त्यांनी ओसरीवरूनच शेजारच्या घराला हाक दिली.

ती आली. पदर पुढे ओढलेला, डावं मनगट सुजून टम्म. तिच्यामागून नवरा, रावजी, येऊन खांबाला टेकून उभा राहिला.

“समेट झालाय. आमची काय तक्रार न्हाय,” ती जमिनीकडे बघत म्हणाली.

मी शहाणीनं फॉर्मवर ‘समाधानी’पुढे खूण केली. शेवटचा रकाना नातेवाइकांचा होता. नवऱ्याचे चुलते कोण, असं विचारलं तर सर्जेरावांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

“म्याच की. सख्खा चुलता. घरातलंच हाय, म्हणून तर लौकर मिटतं, बाई.”

तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मी चहा पिऊन, आभार मानून परत आले.

चार दिवसांनी जयवंता कॉलेजच्या फाटकाशी उभी. सोबत तिचा भाऊ दादासाहेब, वडगाव निंबाळकरचा बागायतदार, तोंड पाडून.

“तुमी त्ये कागद बगता न्हवं?” ती म्हणाली. पदर आज खांद्यावर होता. “मग माझं अर्ज जातात कुठं, त्ये सांगा.”

“ठाण्यातून चौकशीसाठी तुमच्या गावच्या पोलीस पाटलांकडे.”

“म्हंजी आमच्याच वसरीवर. तीन अर्ज केलं मी. तिन्ही अर्ज आबांनी, म्हंजी पाटलांनी, समद्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं. मग ह्यांनी काठी काढली. मग आबांनी माझा अंगठा घेतला. झाला समेट. अर्ज केला म्हंजी मी माझ्याच घराला चिठ्ठी लिवल्यागत झालं की.”

“बाई, पंधरा दिस हिला ठिवून घेतो,” दादासाहेब म्हणाला. “पावणं रोज येऊन बसत्यात. चौथा अर्ज बी मिटला, तर हिला घालवायला लागंल. मला बी भावकीत तोंड दाखवायचंय.”

“मिटला तर,” जयवंता म्हणाली.

त्या दिवशी मला स्वतःचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नव्हता. मारणाऱ्याच्या चुलत्याच्या ओसरीवर बसून मी तिला विचारलं होतं, तुम्ही समाधानी आहात का?

तिचा चौथा अर्ज घेऊन मी पोलिसांच्या वरच्या साहेबांकडे जाणार, असं सांगितल्यावर सर म्हणाले, “आपण बघायचं. हात घालायचा नाही.”

“हात घातलाय सर. पाटलांच्या चहानिशी.”

सरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. “मग निदान आकडे पक्के आणा. कच्चे आकडे घेऊन गेलात तर साहेब दारातूनच वाटेला लावतील.”

माझ्यापुढे अर्जांतली बावीस गावं होती आणि दादासाहेबाची मुदत संपायच्या आत अर्ज द्यायचा तर हाताशी दिवस अकरा. या खेपेला मी एकाही पाटलाच्या दारात गेले नाही. पहाटे पहिली एसटी धरायची आणि दूध संकलन केंद्रावर किटल्या घेऊन आलेल्या बायकांच्या रांगेत उभं राहायचं. प्रश्न एकच: अमक्याच्या घराचं आणि पाटलांचं नातं काय? रांग पुढे सरकायच्या आत उत्तर मिळायचं, वर दोन पिढ्यांची सोयरीक फुकट. एका गावात एक म्हातारी मला म्हणाली, “एवढं शिकून तुला हे इचारायला लागतं व्हय गं?” लागत होतं, आजी. तुमच्याकडे आधी यायला हवं होतं.

निकाली निघालेल्या चोपन्न अर्जांपैकी एकोणपन्नास पाटलांमार्फत मिटले होते. त्यातल्या तेहेतीस ठिकाणी पाटील नवऱ्याच्या भावकीतला. मी कौतुकाचं प्रकरण फाडलं आणि हे सगळं एका पानावर लिहिलं, कुणाचंही नाव न घालता.

बाराव्या दिवशी आम्ही बारामतीत पोलिसांच्या वरच्या साहेबांपुढे उभ्या होतो. चौथा अर्ज जयवंतानं सांगितला होता, मी लिहिला होता. त्यातलं पहिलंच वाक्य असं: ‘पोलीस पाटील माझे चुलत सासरे आहेत, तरी चौकशी त्यांच्याकडे पाठवू नये.’

“अहो, पद्धतच आहे ती,” साहेब म्हणाले. “गावातलं गावात मिटतं. ठाण्यात माणसं किती, गावं किती!”

मी माझं पान पुढे सरकवलं. त्यांनी ते एकदा वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा वाचलं.

“हे छापणार तुम्ही?”

“छापणार.”

साहेब वाईट नव्हते, घाईत होते. एवढी वर्षं सगळेच घाईत होते. त्यांनी अर्जाच्या समासात लिहिलं: ‘जबाब येथेच नोंदवावा.’

जबाब घ्यायला हवालदार आप्पासाहेब बसले. दोन तास जयवंता बोलत होती. काठी कुठली, कुणी आणून दिली, कोण बघत होतं, मनगट कुठल्या वारी मोडलं. आप्पासाहेबांनी ‘किरकोळ बाचाबाची’ लिहिलं, तेव्हा तिनं वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाली, “बाचाबाचीत हाड मोडत न्हाय, दादा.” त्यांनी ते खोडून पुन्हा लिहिलं.

शेवटी त्यांनी शाईचं पॅड पुढे केलं. तिनं हात पुढे केला नाही.

“आता खाली काय लिवलं?”

“ते नेहमीचं असतं. प्रत रवाना, माहितीसाठी.”

“कुणाला?”

“पोलीस पाटलांना.”

“खोडा.”

“अहो ताई, हात बसलाय माझा. प्रत्येक कागदाखाली लिहितो मी ते.”

“खोडल्याबिगर अंगठा न्हाय.”

आप्पासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. तिला माझी गरजच नव्हती. त्यांनी ओळीवर आडवी रेघ मारली. तिनं कागद उजेडाकडे धरला, रेघ नीट बसलीय का ते बघितलं, आणि मग अंगठा उठवला.

बाहेर कडुनिंबाखाली दादासाहेब ताटकळत होता. लगबगीनं पुढे आला.

“मिटलं का गं?”

“न्हाय मिटलं,” ती म्हणाली. “चल घरी. तुज्या.”