फरशीखालचं भोक

साडू म्हटला की तुलना आलीच. पण ती सासूबाईंच्या घरी, जेवणाच्या टेबलापुरती असावी ना! इथे तर धाकटा साडू थेट ऑफिसात येऊन बसला, तेही तज्ज्ञ म्हणून. सर्व्हर रूमला आग लागली तर ती कशाने विझवायची, हे ठरवायला साहेबांनी नेमकं त्यालाच बोलावलं. आणि ज्याने अठरा वर्षं ती खोली पोटच्या पोरासारखी जपली, तो इन्चार्ज बाजूला उभा. झाला की नाही अंगाचा तिळपापड!

इन्चार्जचं म्हणणं होतं, पाण्याचे फवारे बसवा. जिथे आग तिथलाच फवारा उघडतो, बिघडला तर दुरुस्तीही इथल्या इथे होते. साडू गालातल्या गालात हसला.

"साडूभाऊ, पाण्याने आग विझेल हो, पण सोबत मशीनही विझतील."

साहेब खो खो हसले. अठरा वर्षांत इन्चार्जच्या एकाही बोलण्यावर ते असे हसले नव्हते.

साडूचं मत गॅसचं. खोलीत गॅस सोडला की आग गुदमरते, मशीनला थेंबही लागत नाही. अट एकच, गॅस दहा मिनिटं तरी आत टिकला पाहिजे. म्हणून दाराला मोठा पंखा लावायचा, हवा आत ढकलायची आणि गळती किती ते मोजायचं.

"गुरुवारी मोजा," साहेब म्हणाले. "खोली पास झाली तर गॅस, नाहीतर पाणी."

तेव्हाच इन्चार्जला ते भोक आठवलं. चौथ्या रॅकच्या मागे, उचलत्या फरशीखाली, भिंतीत. एकदा घाईत केबल पलीकडे न्यायची होती म्हणून त्यानेच ड्रिल मारून पाडलं होतं. नकाशावर त्याचा पत्ताच नव्हता. सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात साडूने साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर! इन्चार्ज मूग गिळून गप्प बसला.

घरी बायको म्हणाली, "धाकटीचा फोन होता. तुमच्या ऑफिसात म्हणे तिच्या ह्यांचा काय मान!"

"गुरुवारी कळेल मान."

"तुमच्या पोटात काहीतरी शिजतंय."

"पोटात जेवण आहे," तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

गुरुवारी पंखा घोंघावू लागला. गळती चालते त्याच्या दुपटीहून जास्त निघाली. साडूचं तोंड एवढंसं झालं, आणि खरं सांगायचं तर इन्चार्जला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पण साडू मोठा चिवट. बाह्या सरसावून जमिनीवर पालथा पडला, एकेक फरशी उचलून धुराची नळी फिरवू लागला. चौथ्या रॅकमागे धूर सुळकन भिंतीत शिरला.

साहेबांनी वळून इन्चार्जला विचारलं, "खोली तुमच्या ताब्यात. हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं, एवढं म्हटलं असतं तरी सुटला असता. पण साडूच मदतीला धावला.

"त्यांना कुठून माहीत असणार, साहेब? फरशीखालचं आहे. चूक माझी, मी आधी बघायला हवं होतं. त्या बिचाऱ्यांना कशाला बोलता?"

बिचारा! इन्चार्जची कानशिलं तापली.

"माहीत कसं नाही?" तो ओरडला. "मीच पाडलंय ते! ह्या खोलीतला इंच न् इंच मला ठाऊक आहे!"

कुणीतरी पंखा बंद केला.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

उत्तर साडूला समजलं. त्याने मान खाली घातली आणि उगाच शर्टावरची धूळ झटकत राहिला.

"भोक बुजवा, गॅसच घेऊ," साहेब त्याला म्हणाले. "आणि ह्या खोलीत आणखी कुठे काय आहे, ते यांच्याकडून आजच लिहून घ्या. सगळं."

साहेब गेले. साडूने खुर्ची ओढली, वही उघडली.

"सांगा, साडूभाऊ," तो म्हणाला.

आणि इन्चार्ज सांगू लागला.