गाऱ्हाणं ऐकणारं सिंहासन

सिंहासन म्हणून लगेच वाकू नका, मित्रांनो. मी कशाचं आहे ते आधी ऐकून घ्या. कारखान्याची यंत्रं ज्या लाकडी पेट्यांतून येतात, त्या पेट्यांच्या फळ्यांचं मी आहे. माझ्या पाठीला मागून अजून 'ही बाजू वर' असं छापलेलं दिसतं. सोनं म्हणता ते डब्यातला रंग. सिंह म्हणता ते कागदाच्या लगद्याचे, आणि त्यातल्या एकाचं तोंड बोक्यासारखं झालंय. कारण मिस्त्रींनी खरा सिंह कधी बघितला नव्हता. बोका रोज बघायचे.

मिस्त्री म्हणजे एका नाटक कंपनीचे सुतार. त्यांची बायको तिथेच कपडे शिवायची, तिला सगळे काकू म्हणायचे. माझी गादी तिच्या हातची. वर जुन्या पडद्याची मखमल, आत चिंध्या. गादी बसवून झाल्यावर मिस्त्री तिला म्हणाले, "बस की, बघ कसं वाटतं."

"मी कशाला बसू बाई, राजाची जागा आहे," काकू म्हणाली.

बघा म्हणजे. चिंध्या हिनेच भरलेल्या, सुई अजून हिच्याच हातात, आणि तरी बसायची हिंमत नाही. मला तेव्हा फार भारी वाटलं होतं. आता वाटत नाही.

नाटक एका न्यायी राजाचं होतं. त्यातला एक प्रवेश लोकांना तोंडपाठ होता. एका बाईचं घर सरदाराने बळकावलेलं असतं. ती दरबारात घुसते, शिपाई तिला ओढतात, ती धावत येऊन माझा हात धरते. खुर्चीला असतो ना, तो हात. राजा म्हणतो, "तिचा हात सोडवू नका. जोवर हा हात इथे आहे, तोवर मी उठणार नाही." मग भालदार काठी आपटतो आणि म्हणतो, "राजांनी ऐकलं." बस, एवढंच. एवढ्यावर सगळं थिएटर रडायचं. ज्यांच्या घराला कुणी बोट लावलं नव्हतं तेही रडायचे.

राजाचं काम करणारा माणूस आधी चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांची मापं घ्यायचा. आवाज मात्र असा, की शेवटच्या रांगेतल्या झोपलेल्या माणसानेही ताठ बसावं. काकू त्याचा अंगरखा बेतताना त्याला झापायची. "पोट आत घे रे बावळटा. राजाला ढेरी चालते, माझ्या शिलाईला नाही चालत." तो हसायचा नि पोट आत घ्यायचा. चांगला होता. खोटं कशाला बोलू.

पुढे लोक त्याला रस्त्यातही राजे म्हणायला लागले. बसमध्ये उठून जागा द्यायचे. न्हाव्याच्या दुकानात दोघांची जुंपली की त्याला न्याय करायला लावायचे, आणि तो तोंडाला साबण फासलेला, तसाच बसून न्याय द्यायचा. आणि गंमत म्हणजे लोक तो मानायचे. दोन्ही बाजूचे.

मग निवडणूक आली. समोरचा उमेदवार पाणी, गटारं, शाळा असं काहीबाही बोलायचा. आमचे राजे काहीच बोलायचे नाहीत. मला ट्रकवर चढवायचे, माझ्यावर ते बसायचे आणि म्हणायचे, "जोवर हा हात इथे आहे..." पुढचं वाक्य गर्दीच पुरं करायची. संपला प्रचार. समोरचा असा आपटला की त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

मिस्त्रींनी हे बघितलं नाही. त्याआधीच एकदा फळीवर रंधा मारताना छातीत दुखलं म्हणून बसले ते उठलेच नाहीत. मागे काकू आणि त्यांची मुलगी. मुलीला सगळे ठिणगी म्हणतात, कारण तिला काही विचारलं की ती आधी तडतडते, मग बोलते.

मला राजांच्या कचेरीत आणलं. सुरुवातीला राजे खरंच बसायचे. कुणी येऊन माझ्या हातावर हात ठेवायचं, नळाला पाणी नाही म्हणायचं. राजे फोन उचलायचे, दोन शिव्या घालायचे, पाणी यायचं. तेव्हा काकू माझी उसवलेली गादी शिवायला आली होती. राजे तिला म्हणाले, "काकू, लोक मला खरोखरचा राजा समजतात हो. भीती वाटते."

"मग वाग की तसा," काकू दोरा दाताने तोडत म्हणाली. "कुणी अडवलंय?"

पण माणसं वाढली, आणि राजांच्या एक गोष्ट लक्षात आली. ती मी फार जवळून बघितली. एका म्हाताऱ्याचं पेन्शन अडकलं होतं. राजे दमले होते, फोन उचलायचा कंटाळा आला होता. ते नुसतं वाक्य बोलले. नाटकातलं. म्हातारा ढसाढसा रडला, हात जोडले आणि खूश होऊन घरी गेला. पेन्शनचं काय झालं ते त्याने विचारलंसुद्धा नाही. राजांनी फोन बाजूला सारला. नळ सुरू करायला आठवडा जातो. वाक्य बोलायला काय लागतं?

त्यानंतर ते वाक्यच बोलायला लागले. मग तेही बोलेनासे झाले. मला बाहेरच्या मोठ्या खोलीत आणून ठेवलं, माझ्यामागे एक बंद दार, आणि राजे त्या दाराआड बसून सगळं ऐकतात असं सांगायला सुरुवात झाली. नाटकातल्या भालदारालाच इथे नोकरी मिळाली. काठी तीच, फक्त अंगरख्याच्या जागी खाकी आली. लोक येतात, माझ्या हातावर हात ठेवतात, गाऱ्हाणं सांगतात. भालदार काठी आपटतो. "राजांनी ऐकलं. पुढचे या."

आणि खरं सांगू का, लोकांना बरं वाटतं. मी डोळ्यांनी बघतो ना. येताना मान खाली, जाताना मान वर. म्हणून तर मला जास्त राग येतो.

मग काकूच्या गल्लीचं प्रकरण झालं. गल्लीतून मोठा रस्ता काढायचं ठरलं. काकूची एकच खोली, खिडकीशी शिलाई मशीन, मागे मिस्त्रींची अवजारं लटकवलेली. रस्त्याच्या कचेरीने कळवलं की ज्याचं घर असेल त्याने स्वतः येऊन हरकत सांगायची, ठरलेल्या तारखेच्या आत. नाही आलात तर तुमची ना नाही असं धरू. सगळी गल्ली एकदम गेली असती तर काही तरी झालं असतं. इतकी माणसं दारात उभी राहिली की साहेबांच्याही घशाला कोरड पडते. पण गल्लीने ठरवलं की काकूंची राजांशी जुनी ओळख आहे, काकूच दरबारात हात ठेवून येतील, आपण उगाच कशाला धक्के खायचे.

ती शेवटची तारीख होती. काकू धुतलेली साडी नेसून सकाळपासून माझ्यासमोरच्या रांगेत उभी. दुपार टळल्यावर ठिणगी धापा टाकत आत आली. ती एकटीच रस्त्याच्या कचेरीत जाऊन आली होती.

"आई, चल. ते म्हणतात घर आईच्या नावावर आहे, आईलाच आण. तुझं ऐकून घेणार नाही म्हणतात. बंद व्हायच्या आत पोचू, चल."

"अगं, आता दोनच माणसं आहेत पुढे," काकू म्हणाली.

"आई, तिथे खरा माणूस बसलाय. टेबलामागे. त्याला सांगायचंय. इथे कोण आहे?"

"हळू बोल. राजे आत आहेत."

"ज्याला तू बावळटा म्हणायचीस तोच ना?"

"तेव्हाचं वेगळं होतं. आता ते राजे आहेत."

ठिणगीने माझ्याकडे बोट केलं. "आणि हे? यात तूच चिंध्या भरल्यास ना गं? बाबांनी पेट्या फोडून केलं ना हे? त्याच पेट्यांचा माझा पाळणा केला नि उरलेल्या फळ्यांचं हे, तूच सांगायचीस."

काकूने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं माहीत होतं. माझी प्रत्येक शिवण तिला माहीत होती. आणि तरी ती म्हणाली, "म्हणून तर माझं ऐकतील. आपल्या हातचं आहे ते."

ठिणगी आईचा दंड ओढायला लागली तसे रांगेतले लोक खवळले. एक जण म्हणाला, "ए पोरी, ओढतेस काय? आमचा नंबर जाईल ना." मग काकूची पाळी आली. तिने माझ्यावर हात ठेवला. सुया टोचून टोचून निबर झालेली बोटं. ती हळू आवाजात गल्लीतलं एक एक घर सांगत गेली. कोण आजारी, कुणाची सून बाळंत व्हायचीय, कुणाला दुसरीकडे जागा नाही. एकही घर सोडलं नाही. स्वतःचं सगळ्यात शेवटी सांगितलं. भालदाराने काठी आपटली. त्यालाही काकूनेच किती वेळा जेवू घातलं असेल, पण तो तिच्याकडे बघत नव्हता.

"राजांनी ऐकलं," तो म्हणाला.

काकू हसत बाहेर पडली. रस्त्याची कचेरी तोवर बंद झाली होती.

गल्ली पाडली. बुलडोझरने सकाळी सुरुवात केली आणि जेवायच्या सुट्टीच्या आत संपवलं. हे मला रांगेतल्या बोलण्यातूनच कळलं. लोक म्हणत होते, रस्ता मस्त होणार.

काही दिवसांनी काकू परत आली. वाळलेली, साडीला धूळ. सोबत ठिणगी. मला वाटलं आता ही मला लाथ घालणार. घालावी, असंच वाटत होतं. पण काकू रांगेत उभी राहिली आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "राजांपर्यंत पोचलं नसणार हो. मधल्या माणसांनी दाबलं. नाहीतर ते असं होऊ देतील का?"

ठिणगीने हे ऐकलं. ती रांगेतून निघाली, माझ्या बाजूने मागे गेली आणि ते दार दोन्ही हातांनी ढकललं. दाराला कडीसुद्धा नव्हती, मित्रांनो. इतक्या दिवसांत कुणी ढकललंच नव्हतं.

आत राजे नव्हते. आत राजांचे मुकुटवाले फलक एकावर एक रचून ठेवले होते, एक शिडी होती, आणि फुटकी बादली. खुर्चीसुद्धा नव्हती. सगळ्या रांगेने वाकून बघितलं. मी तर म्हटलं, झालं, आता संपलं. आता हे सगळे मिळून काय करतील ते करोत.

मग रांगेतला एक म्हातारा खाकरला आणि म्हणाला, "कामाला गेले असतील. एवढा कारभार, दिवसभर बसून राहतील का?"

"तेच ना," मागून कुणीतरी म्हणालं.

"पोरी, दार लाव. शोभतं का हे?"

भालदाराने दार ओढून घेतलं. रांग परत सरळ झाली. एकही माणूस बाहेर गेला नाही. काकू पुढे आली, माझ्यावर हात ठेवला आणि पुटपुटली, "लेकरू आहे. मनावर घेऊ नका." मला तिचा हात धरता आला असता तर धरला असता. पण माझा हात फळीचा.

गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूंनी आम्हाला जपा, पुसा, रंग द्या असं म्हणायची रीत आहे. मला तर दर वर्षी नवा सोनेरी रंग मिळतो. माझी विनंती उलटी आहे. मला जपू नका. आणि जपायचंच असेल तर तुमच्या पुढे-मागे उभ्या असलेल्या माणसाला जपा. मी इथून रोज बघतो. एवढी माणसं, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. शेजारच्याचं काय गेलं ते कुणी कुणाला विचारत नाही. ज्या दिवशी ही रांग वळून एकमेकांकडे बघेल, त्या दिवशी माझं सरपण करा. मी चांगलं पेटेन. वाळलेलं लाकूड आहे.

ठिणगीने त्याच दिवशी तेवढं करून बघितलं. आईची वाट बघत ती भिंतीला टेकून उभी होती. समोर तोच मघाशी खाकरलेला म्हातारा. डोळे पुसत ती त्याला म्हणाली, "आजोबा, तुमचं काय काम आहे? मला सांगा. आपण मिळून जाऊ कुठेतरी."

म्हाताऱ्याने तिला खालून वरपर्यंत बघितलं. हातातली पिशवी छातीशी धरली.

"तुला कशाला सांगू?" तो म्हणाला. "मी राजांनाच सांगेन." आणि एक पाऊल पुढे सरकला.