पोस्टमनकाकांचा वॉकर

मी एक जुना वॉकर आहे, मित्रांनो. चार पाय, चार रबरी बूट. दवाखान्यातून मला घरी आणले ते पोस्टमनकाकांसाठी. तीस वर्षे गावभर टपाल वाटलेला हा माणूस अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला होता.

पहिल्याच दिवशी काकांनी जाहीर केले, "मी थेट फाटकापर्यंत जाणार!" चौथ्या पावलाला आम्ही दोघेही आडवे झालो. राग निघाला माझ्यावर. "भंगारात टाका हे!"

लेकीने समजावले, "बाबा, आज फक्त कपाटापर्यंत जा. उद्या टेबलापर्यंत."

"मी काय रांगणारं पोर आहे? जाईन तर फाटकापर्यंत, नाहीतर नाही!"

मग नाहीच. दीड महिना माझ्या अंगावर टॉवेल वाळत होते. खांदे ओले, मन कोरडे. रोज वाटे, अरे, मी चालायला जन्मलोय! पण माझे कोण ऐकणार?

एका सकाळी लेक कामाला गेली होती. स्वयंपाकघरात काकूंच्या कमरेत उसण भरली आणि त्या मटकन खाली बसल्या. उठता येईना. गॅसवर दूध उतू जाऊ लागले.

"अहो! इकडे या हो!"

काकांनी टॉवेल भिरकावले आणि मला घट्ट धरले. दोन पावलांतच पाय लटपटू लागले. कपाटाला टेकून ते धापा टाकत पुटपुटले, "हे एक घर झालं." मग टेबल. "दुसरं घर." मग दरवाजा. टपाल वाटताना ते एका दमात गावभर चालत नसत. या दारातून त्या दारात जात. तेच पायांना आठवले असावे.

काकांनी गॅस बंद केला. काकू म्हणाल्या, "आलात खरे, आता परत कसे जाणार?"

"जाईन. आधी तू ऊठ बघू."

त्यांना उठवता काही आले नाही. लेक येईपर्यंत दोघे तिथेच बसून राहिले, एक फरशीवर, एक स्टुलावर.

याला चार महिने झाले. आम्ही अंगणातल्या पायरीपर्यंत पोहोचलो आहोत. पायरी काही उतरता येत नाही. काका रोज चिडतात, मलाच शिव्या देतात आणि रोज पुन्हा उठतात. माझ्या पुढच्या डाव्या पायाचे रबर झिजले आहे. ते कोणी बघतही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याचे रबर वेळेवर बदला. आणि त्याला धरून चालणाऱ्याला, फाटक अजून किती लांब आहे, असे विचारू नका. आज कुठवर आलात, एवढेच विचारा.