थाप न मारणारा मगन

मी मगन बोलतोय. धुळ्याच्या देवपुरात एका पत्र्याच्या शेडमध्ये ज्युदोचा क्लास भरतो. तिथे कोपऱ्यात पडलेला ताडपत्रीचा जाडा पुतळा दिसतो ना, तोच मी. बोलायची सवय नाही, तेव्हा आवाज घोगरा लागला तर सांभाळून घ्या.

पाचोऱ्याच्या एका गादीवाल्याने मला शिवलं. पोटात जिनिंगमधला टाकाऊ कापूस कोंबला, डोकं दिलं, चेहरा द्यायचा मात्र कंटाळा केला. क्लास घेणारे योगराज सर मला एसटीने धुळ्याला घेऊन आले, तेव्हा कंडक्टरने माझं अर्धं तिकीट फाडलं. माणसांत माझी गणती झाली ती तेवढीच.

तेव्हापासून मी मारच खातोय. मला आपटतात, माझा गळा आवळतात, पोटावर गुडघे रोवतात. दिवसभर घरी आणि कॉलेजात शहाण्यासारखी वागलेली पोरं संध्याकाळी सगळा राग माझ्यावर काढतात. माझी तक्रार नव्हती. मला काही दुखत नाही, याचा उलट माजच होता मला.

सगळ्यात जास्त मारलं ते डिंपलने. जवळच्या खेड्यातून येणारी बारावीची मुलगी. तिच्या वजनाची क्लासात दुसरी एकच होती, कापड दुकानवाल्या गौतमचंदांची आयुषी. ती ट्यूशन आटोपून उशिरा यायची आणि डिंपलला गावाची शेवटची बस गाठायची असायची. मग डिंपलच्या वाट्याला मी आलो.

सरांनी तिला आर्मलॉक शिकवला. समोरच्याला पाडायचं, त्याचा हात दोन्ही मांड्यांमध्ये धरायचा, एक पाय छातीवर, एक गळ्यावर, त्याचा अंगठा आभाळाकडे, आणि आपली कंबर उचलायची. कोपर उलटं वाकू लागतं. खालचा मोकळ्या हाताने थाप मारतो. थाप पडली की त्या क्षणी सोडायचं. "थाप म्हणजे हुकूम," सर म्हणायचे.

माझं कोपर कुठेही वाकतं आणि थाप मारणं मला जमत नाही. डिंपल दात खाऊन ओढायची, माझा हात पार खांद्यामागे जाईपर्यंत ओढायची, आणि लगेच पुन्हा धरायची. बसमध्ये एकाने तिचा हात पिरगाळला होता. हे तिने फक्त मला सांगितलं. "तो परत भेटना ना मगन, त्याना हात असाच मोडसू."

जिल्ह्याच्या निवडीआधी सरांनी दोघींची कुस्ती लावली. आयुषी पडली. डिंपलने तिचा उजवा हात धरला आणि कंबर उचलली. आयुषीने तिच्या मांडीवर थाप मारली. मग पुन्हा मारली, जोरात. डिंपलचे डोळे घट्ट मिटलेले होते. तिच्या लेखी खाली अजून मीच होतो. सर धावले, पण त्याआधीच कडकन आवाज झाला. आयुषी अशी ओरडली की बाहेरचे रिक्षावाले आत आले. तिचं कोपर भलत्याच दिशेला वळलं होतं आणि ती मॅटवर ओकत होती.

"तिनी थाप मारी?" डिंपल पांढरीफटक पडली होती. "माले कळनंच नई, सर."

"मुद्दाम मोडला हिने," दुकानातून धावत आलेले गौतमचंद म्हणाले. सगळ्यांना तेच वाटलं. निवड दोघींचीही हुकली.

काही दिवसांनी शेड रिकामं असताना डिंपल आली. मला मॅटवर आपटलं. "काबर बोलना नई रे तू?" असं म्हणत तोच लॉक लावला आणि शिवण उसवून माझा हात खांद्यापासून उपटेपर्यंत ओढत राहिली. मग त्याच हाताने मला बडवलं. कापूस शेडभर उडाला. ती हुंदके देत होती. मार खाताना मला वाईट वाटलं ते तेव्हाच.

त्यानंतर ती रोज यायची, पण भिंतीशी बसून राहायची. कुणाला हातसुद्धा लावायची नाही.

प्लास्टर निघाल्यावर आयुषी आली. उजवा हात पुरता सरळ होत नव्हता. ती थेट डिंपलपुढे आडवी झाली आणि तिने डावा हात पुढे केला. "लॉक लाव."

"मी नई लावाव."

"मला तुझी भीती बसलीय. ती घेऊन घरी बसू का मी? लाव."

डिंपलने हात धरला, पाय टाकला, कंबर जेमतेम उचलली आणि सोडून दिलं.

"मी थाप मारलीच नाही अजून," आयुषी वैतागली. "ओढ."

डिंपलने ओढलं. या वेळी डोळे उघडे होते. हात ताणला गेला, आयुषीचा चेहरा लाल झाला, गळ्याची शीर वर आली. थाप पडली. हात सुटला. दोघी धापा टाकत एकमेकींकडे बघत राहिल्या.

"परत," आयुषी म्हणाली.

योगराज सर कालपासून दाभण शोधतायत, माझा हात शिवायला. त्यांना कुणीतरी सांगा, राहू द्या. आपटायला, गळा आवळायला मी आहेच, खुशाल या. पण हा डाव शिकायचा असेल, तर पोरांनो, एकमेकांचा हात मागा. तो जपून परत करावा लागतो, आणि ते माझ्यावर शिकता येत नाही.