पाणी न मागणारा ठोकळा

ठोकळा फुटला. तपासणी केंद्राच्या दाबयंत्राखाली, सगळ्यांच्या देखत, बिस्किटासारखा फुटला, आणि तो सासऱ्यांमुळे फुटला. मात्र असं काही घडलंच नाही, हे घरात एकमताने ठरलेलं असल्यामुळे आपणही वरचं वाक्य वाचलेलं नाही असं धरून चालू.

तर, काहीच घडलेलं नसताना सून कारखान्याच्या पायरीवर कपाळाला हात लावून बसली होती. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. सासरे जन्मभर गवंडी. उतारवयात त्यांनी इथे सिमेंटचे ठोकळे पाडायला घेतले, आणि पुढे धंदा आणि गुडघे जोडीनेच बसले. सून रसायनशास्त्र शिकलेली. तिने खाणीतून पिठासारखी दगडाची भुकटी आणली, जी एरवी फक्त लोकांच्या नाकात जायची. त्यात कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेटचं मधासारखं दाट पाणी कालवलं, साच्यात भरलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून उबेला ठेवलं. सिमेंटचा कणही न घालता ठोकळा टणक झाला.

"म्हणजे दगड फोडायचा, दळायचा आणि परत त्याचा दगड करायचा," सासरे म्हणाले होते. "मग आधी फोडला कशाला?"

याला रसायनशास्त्रात उत्तर नाही.

ठोकळा पास झाला असता तर नव्या दवाखान्याच्या भिंती याच ठोकळ्यांच्या होणार होत्या. नापास झाला तर शेडला कुलूप. आणि केंद्रातला यंत्र चालवणारा, ज्याला सगळे दाबोजी म्हणत, त्याने फुटलेला तुकडा तिच्या हातात देत म्हटलं होतं, "बाई, याला मिशा फुटल्यात."

खरंच, तुकड्यावर पांढरी लव आली होती. आतला सोडा पाण्याबरोबर बाहेर आला की येते तशी. आणि या ठोकळ्याला तर पाण्याचं दर्शनही घडायला नको होतं.

"बाबा," सुनेने विचारलं, "तुम्ही ठोकळ्यांना पाणी मारलंत?"

"छे."

"बाबा."

"तू म्हणालीस, हात लावू नका. मी हात लावला का? लांबून पाइप धरला."

"आणि वरचं प्लास्टिक?"

"वाऱ्याने उडालं."

"आणि वाऱ्यानेच परत नीट गुंडाळलं?"

"चांगला वारा होता."

तिने मिशा फुटलेला तुकडा त्यांच्यापुढे धरला, तसा सासऱ्यांचा आवाज खाली आला. "अगं, कोवळी पोरं ती. पाण्यावाचून तडकतात. मी आयुष्यात एक भिंत तहानलेली ठेवली नाही. तू यांना कोंडून ठेवलंस, मला बघवेना."

"ते सिमेंटचं, बाबा. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं. याला सोडा धरून ठेवतो, आणि पाण्याने तोच वाहून जातो."

"म्हणजे मी पाजलं आणि मीच मारलं."

त्यांनी पाइपची वेटोळी केली, खिळ्याला अडकवली आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. सुनेने वाटेत एक जहाल भाषण तयार केलं होतं. ते तिने तसंच गिळलं.

"नाही हो. यंत्रच बिघडलं होतं."

संध्याकाळी नवऱ्याच्या कानावर सगळं घातलं, तर तो म्हणाला, "कसला ठोकळा?" अशा रीतीने ठराव मंजूर झाला.

केंद्राने आणखी एक संधी दिली. सुनेने नवे ठोकळे भरले, गुंडाळले, आणि शेजारी थोडे सिमेंटचेही पाडले.

"हे कशाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुलनेला. यांना पाणी लागेल. आणि ते काही माझ्याने जमायचं नाही."

जन्मभर ओळंबा धरलेल्या माणसाला तिरकं बोलणं लगेच कळतं. सासऱ्यांनी तिच्याकडे एक डोळा बारीक करून पाहिलं. पण पाइप उचलला. रोज ते गुंडाळलेल्या ठोकळ्यांकडे पाठ करून पाणी मारत. उगाच मोह नको.

या खेपेला दाबयंत्राचा काटा चढतच गेला. दाबोजी एक पाऊल मागे सरकला, मग दुसरं. मागितलेल्यापेक्षा कितीतरी जास्त भार सोसून ठोकळा असा काही कडाडला की शेजारच्या खोलीतला कारकून जागा झाला. दाबोजीने मान हलवली आणि म्हणाला, "बरा आहे." एवढी स्तुती त्याने स्वतःच्या लग्नातही केली नव्हती.

दवाखान्याच्या भिंती चढू लागल्या. शेडमध्ये एका बाजूला गुंडाळलेल्या ठोकळ्यांची रांग, दुसऱ्या बाजूला ते तुलनेचे ठोकळे. तुलना कधीच संपली होती. त्यांच्यावर आता शेवाळ आलं होतं, पण पाणी चुकत नव्हतं. एके दिवशी सासरे सुनेसमोर खुर्ची ओढून बसले.

"तुझं अक्षर चांगलं आहे. लिही."

तिने लिहिलं:

"प्रति, मा. संचालक, बांधकाम साहित्य तपासणी केंद्र.
विषय: पाणी मारणाऱ्या इसमाच्या पदास मंजुरी मिळणेबाबत.
महोदय, नवीन ठोकळ्यास पाणी लागत नाही, हे अर्जदारास पूर्णपणे पटले आहे. यापूर्वी काही घडल्याची नोंद आपल्याकडे असल्यास ती यंत्राच्या नावे टाकावी. तथापि, अशा ठोकळ्यांच्या प्रत्येक कारखान्यात एक अनुभवी इसम कायमस्वरूपी नेमण्यात यावा. सदर इसमाने रोज संध्याकाळी हातात पाइप धरून ठोकळ्यांजवळ उभे राहावे. नळ बंद ठेवल्यास अर्जदाराची हरकत नाही. सबब, वरील पद तातडीने मंजूर करावे, ही नम्र विनंती."