दादाच्या हातातला वस्तरा

धाकट्याला आळशी म्हणायची कुणाची छाती झाली नसती. सलूनचं शटर सकाळी वर जायचं ते त्याच्याच हाताने आणि संध्याकाळी खाली यायचं तेही त्याच्याच. पण अलीकडे त्याने कमालच चालवली होती. सगळ्या कात्र्यांना धार लावून आणली, खुर्च्यांना तेलपाणी केलं, आरशांवरचे दिवे बदलले. एक काम तेवढं तसंच होतं.

ते काम म्हटलं तर दोन वाक्यांचं. "दादा, तुझा हात थरथरतो. आता वस्तरा खाली ठेव."

दादा म्हणजे थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. दादाने त्याला हाताशी धरलं, फुगवलेल्या फुग्याला साबण फासून त्यावर वस्तरा चालवायला शिकवलं. फुगा फुटला की दादा ओरडायचा, "गेलं गिऱ्हाईक!" आणि दोघं पोट धरून हसायचे. अशा माणसाला वस्तरा ठेव म्हणून कसं सांगायचं?

सांगायला तर हवंच होतं. गेल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या पोस्टमनच्या कानाखाली दादाच्या हातून ओरखडा उठला. पोस्टमन भला माणूस. "माझाच कान मोठा," म्हणाला आणि विषय संपवला. पण धाकट्याला ते सोडून देता येईना. आज दुकान बंद करताना बोलूच, असं त्याने ठरवलं. दुकान बंद करताना त्याला नेमकं दिसलं, की टॉवेलांचं कपाट फारच विस्कटलंय. ते आवरेपर्यंत दादा घरी निघून गेला. धाकट्याला हुश्श झालं, आणि हुश्श झालं म्हणून स्वतःचाच रागही आला.

बायकोला त्याने हे सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुमची एक गंमतच आहे. नको असलेलं काम समोर आलं की बाकीची कामं कशी फटाफट होतात! आता माझंही एखादं काम त्याच झपाट्यात उरकून टाका."

रविवारी दुपारच्या सुट्टीत तो मुद्दाम दादाच्या घरी गेला. वाटेत वाक्यं घोकली. दादा आतल्या खोलीत झोपला होता आणि स्वयंपाकघरात नळ टपटप गळत होता. झालं! धाकट्याने पान्हा मागितला आणि ओट्याखाली मुंडी घातली.

वहिनी बघत राहिली. "भाऊजी, हा नळ वर्षभर गळतोय. तुम्ही दर वेळी येता, त्याच्याखाली हात धुता आणि जाता. आज काय झालं?"

"काही नाही वहिनी. सहज."

"काही बोलायचंय का ह्यांच्याशी?"

"छे छे!" ओट्याखालून आवाज आला.

वहिनीने चहाचं आधण ठेवलं. नळ दुरुस्त झाला. दादा उठला, तिघांनी चहा घेतला, इकडच्यातिकडच्या गप्पा झाल्या आणि धाकटा घोकलेली वाक्यं तशीच घेऊन घरी आला.

सोमवारी सलूनला सुट्टी. तरी धाकटा सकाळीच रंगाचा डबा घेऊन दुकानात हजर. दाराची चौकट रंगवायची टूम त्याने काढली होती. पहिला हात मारतोय तोच दादा आला. गालावर चांगली वाढलेली दाढी. आला तो थेट मधल्या खुर्चीत बसला.

"दाढी कर माझी."

धाकटा बघतच राहिला. दादाने जन्मात कधी दुसऱ्याच्या हातून दाढी करून घेतली नव्हती.

"घरी नाही केलीस?"

"कर म्हणतो ना."

धाकट्याने रंगाचे हात धुतले, फेस लावला, वस्तरा उघडला. एका गालावरून पातं फिरलं. मग हनुवटीपाशी त्याला कापलेल्याच्या दोन ताज्या खुणा दिसल्या. त्याचा हात थांबला.

"बघितलंस?" दादा आरशातून म्हणाला. "स्वतःचीच जमेना. किती दिवस तुला सांगीन म्हणतोय, पण तोंडच उघडत नाही. म्हटलं, याच्या लक्षात येईल, स्वतःच विषय काढेल. तर तू दुकानच रंगवायला काढलंस!"

"मला वाटलं तुला वाईट वाटेल."

"वाटतंयच. पण वाट बघण्यात त्याहून जास्त वाटत होतं रे. रोज सकाळी येताना भीती, आज कुणाला लागतंय. आणि हे सोडलं तर घरात बसून करू काय? भिंती बघू?"

"घरात कशाला बसतोस? अर्धं गिऱ्हाईक तुझ्या गप्पांसाठी येतं. माझ्याशी कोण बोलतंय?"

दादा हसायला लागला.

"हलू नकोस, कापेल!" धाकटा ओरडला, आणि वस्तरा दूर धरून तोही हसायला लागला. दोघांचं हसू ओसरायला बराच वेळ लागला. दुसऱ्या गालावरचा फेस तोवर वाळून गेला. पुन्हा फेस लावावा लागला.

दादाने डॉक्टरकडे जाणंही टाळलंच होतं. ते धाकट्याने त्याच दिवशी उरकलं. चौकट अर्धी टाकून दोघं गेले. डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले, बोटं नाकाला लावायला लावली, वयोमानाने होतं असं म्हणाले आणि गोळ्या दिल्या. थरथर कमी होईल, पण वस्तऱ्याचं नाव काढू नका, असंही बजावलं.

रात्री बायकोने विचारलं, "शेवटी सांगितलंत?"

"नाही. त्यानेच सांगितलं."

"म्हणजे तुमचं टाळणं वाया गेलं नाही म्हणायचं!" असं म्हणून तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. कित्येक दिवसांनी तो पोटभर जेवला.

आता दादा गिऱ्हाइकांचे केस धुतो. पहिल्या दिवशी त्याने एका वकिलाची कॉलर चिंब भिजवली, पण जमलं हळूहळू. गोळ्यांनी थरथर कमी झाली, गेली मात्र नाही. परवा तो पोस्टमन बेसिनवर मान टेकून, दादाच्या बोटांखाली डोळे मिटून सुखाने पडला होता. धाकट्याने विचारलं, "काका, दादाचा हात हलतोय, त्रास नाही ना होत?"

"गप्प बस," पोस्टमन डोळे न उघडता म्हणाला. "उगाच त्याचं औषध वाढवशील."