एकशे बारा होड्यांची यादी

माझ्या मुलाच्या, रघूच्या, लेकीच्या बारशाच्या घुगऱ्या अजून टोपात होत्या, तेव्हा गुणवंती कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन दारात उभी राहिली. मिलचा संप होऊन त्या वर्षी पंचवीस वर्षं झाली होती.

“आये, आपल्या कोळीवाड्यात एकशे बारा होड्या हायत. चार दिवसांत यादी पायजे. होडीचं नाव, तांडेलाचं नाव, मोबाईल नंबर. लिहिशील?”

“मला विचारतंस? तुझ्या ऑफिसातली शिकलेली माणसं कुठं मेली?”

“त्यांना हितं दार कोण उघडल?”

गुणवंती माझी थोरली. लोअर परळच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करून घ्यायची. म्हणजे काम देणारा साहेब फोर्टात, काम करणारी पोरं कोईमतूरला, आणि मधे ही. या खेपेचं काम आमच्याच लोकांसाठी होतं. वादळ येणार असलं की होडीवाल्यांना मोबाईलवर निरोप जाणार.

मी अक्षरं शिकले बत्तिसाव्या वर्षी. त्याआधी मिलच्या गेटवर मासळी विकायची. संप लागला आणि गेट ओस पडलं. उरलेली मासळी सुकत घालून संध्याकाळभर नुसतं बसायचं, त्यापेक्षा देवळामागे एक बाई वर्ग घेत, तिथे जाऊ लागले. कोळीवाड्यातल्या माझ्या वयाच्या बायकांत लिहिता येणारी मी एकटीच. म्हणून मी तो गठ्ठा हातातून खाली ठेवला नाही.

चार दिवस दारोदार फिरले. आमच्याकडे दारात बाईच येते. पुरुष किनाऱ्यावर असतो, नाहीतर झोपलेला. घरात फोन एक, तोही बाईकडे. बर्फवाला, टेम्पोवाला, गिऱ्हाईक, सगळे तिलाच फोन करतात, आणि दर्यावर नेला तर खाऱ्या पाण्याने बिघडतो. मी विचारायची, “नंबर सांग गं.” ती सांगायची. मी एकेक आकडा कोरून काढायची. रघू आमच्या होडीचा तांडेल, होडी त्याच्या हुकमात. त्याच्या कागदावर मी माझा नंबर लिहिला.

शनिवारी गठ्ठा घेऊन गुणवंतीच्या ऑफिसात गेले. मिलच्या गेटवर जिथे मी मासळीची पाटी मांडायची, तिथे आता काचेचं दार होतं. पहारेकऱ्याने वही पुढे केली आणि अंगठ्याची शाई शोधू लागला. मी त्याच्या हातातलं पेन घेऊन सही केली.

गुणवंती फोनवर होती. बोलणं संपलं तरी तिने फोन कानालाच धरून ठेवला होता.

“काय गं?”

“उद्घाटनाला दहा दिवस हायत. कोईमतूरवाले बोलतात, तेवढ्यात एकच काम होईल. निरोप मराठी अक्षरांत पाठवायची सोय करू, नाहीतर होड्या दर्यात असताना एकदा खोटा निरोप सोडून चाचणी घेऊ. दोन्ही नाय जमत.”

“मग तारीख पुढे ढकल.”

“मांडव ठरलाय, पाहुणे ठरलेत. साहेब बोलला, तारखेचं सोडून काय पण बोल. आणि त्याला मोबाईलवर मराठी दिसायला पायजे. पाहुण्याला दाखवायचंय.”

“मराठी नाय केलं तर?”

“मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत.”

“ते वाचणार कोण, रघू? दोनदा सातवीत बसलेला?”

ती हसली. मग माझे कागद चाळत म्हणाली, “माझं मन चाचणीकडे ओढतंय, आये. कायतरी राहिलंय असं वाटतंय. काय ते हाताला लागत नाय. तू सांग, काय करू?”

मला कोणी कधी असं विचारलं नव्हतं. मी म्हणाले, “अक्षरं पायजेत. वाचता नाय आलं तर निरोप असून काय कामाचा?”

तिने वहीत लिहिलं: चाचणी उद्घाटनानंतर. मी समोर बसून ते उलटं असतानाही वाचलं.

उद्घाटन झालं. कुशाबा म्हणून आमच्या मच्छीमार सोसायटीचा म्हातारा होता. रोज पहाटे रेडिओ ऐकायचा आणि हवा वाईट असली की धक्क्यावर लाल बावटा चढवून होड्या थांबवायचा. त्याला शाल-नारळ दिला आणि बावटा उतरवून कपाटात ठेवला.

“कुशाबा, आता झोपा बिनघोर,” रघू म्हणाला. “आमच्यासाठी आता गुणाताय जागी राहील.”

कुशाबाने शाल घडी करून काखेत मारली. “फोनला वारा कळतो काय रे?” एवढंच बोलला.

उद्घाटनानंतर दिवाळी आली. कोईमतूरची पोरं गावी गेली. चाचणी राहिली.

दिवाळीनंतरच्या बुधवारी रघू आणि त्याचा खलाशी धोंडू पहाटे निघाले. त्या दिवशी साठ-सत्तर होड्या गेल्या. त्यांना थांबवायला धक्क्यावर कोणी नव्हतं. आभाळ स्वच्छ होतं, वारा मात्र दक्षिणेचा आणि ओला होता.

मी परळच्या बाजारात बसले होते. साडेनऊला पोलक्यात फोन वाजला. उघडून वाचलं: “धोक्याची सूचना. दुपारपर्यंत वादळी वारे. सर्व होड्यांनी ताबडतोब किनाऱ्याला परतावे.” काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी.

“कौसल्ये, बघ गं! माझ्या गुणाचा निरोप!”

शेजारच्या कौसल्याचाही फोन वाजला. तिच्या जुन्या फोनला मराठी अक्षरं येत नव्हती, नुसते चौकोन उमटले होते. तेवढ्यात पलीकडे वाजला, मागे वाजला. बायका मासळीच्या हातांनी फोन पुढे करू लागल्या.

“सखुबाय, माझा वाच गं.”

“सगळ्यांना तेच हाय.”

“अगो, वाच तरी! घरधन्याच्या होडीचा हाय तो.”

तीन फोन मी मोठ्याने वाचले. चौथा हातात घेतला आणि न वाचताच कौसल्याकडे वळले.

“कौसल्ये, तुझ्या होडीच्या कागदावर मी नंबर कोणाचा लिहिला?”

“माझा. दुसरा हाय कुठं घरात?”

ती हातातला सुरा खाली ठेवायची विसरली. बाजारभर फोन वाजतच होते.

मी गुणवंतीला फोन लावला. “गुणा, फोन आमच्याकडे हायत.”

“कोणाकडे?”

“बायकांकडे. सगळे.”

पलीकडे तिने कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “धक्क्यावर जा, आये. पळ.”

आम्ही पोचलो तेव्हा कुशाबा कपाट फोडून बावटा चढवत होता. कापड वाऱ्याने त्याच्या तोंडावर आपटत होतं. ज्या दोन-चार घरांचा दुसरा फोन होडीवर होता, त्यांनी तो लावला. जवळच्या होड्यांनी बावटा बघितला. बाराच्या पुढे पाणी काळं झालं आणि बावटाही दिसेना. संध्याकाळपर्यंत दोन सोडून सगळ्या होड्या आल्या. त्या दोनांतली एक मढच्या किनाऱ्याला लागल्याचं कळलं. दुसरी आमची.

गुणवंती ऑफिसच्या कपड्यांत माझ्याजवळ उभी होती. रघूची बायको बकुळा तान्ह्या मुलीला छातीशी धरून मागे बसली होती. गुणवंतीचा फोन वाजला. तिने ऐकून घेतलं, “थँक यू” म्हणाली आणि बंद केला.

“कोण गं?”

“कोईमतूर.”

“काय बोलला?”

“एकशे बारापैकी एकशे बारा निरोप पोचले. एक पण चुकला नाय. अभिनंदन बोलला.”

तिने चपला काढून हातात घेतल्या आणि पाण्याच्या कडेने माहीमच्या बाजूला चालू लागली. मी तिच्या मागे गेले.

धोंडू तिसऱ्या दिवशी माहीमच्या किनाऱ्याला सापडला. माझा मुलगा रघू, वय अठ्ठावीस, सापडला नाही. दोघेही २००७ साली, दिवाळीनंतरच्या त्या बुधवारी वारले.